थ्रॉटल पुढे, इंजिन गप्प: जॉयस्टिकच्या अ‍ॅक्सिसचा घोळ कसा शोधायचा

काही जणांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, काहींना सेटिंग बदलताना मजकूर समोर लागतो. त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलतानाचं "अं, म्हणजे" तेवढं गाळलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलाय. शब्द वेगळे असतात, पण गाऱ्हाणं एकाच घरचं. "थ्रॉटल अर्ध्यापर्यंत ढकललं तरी इंजिन हूं की चूं करत नाही." "काल सगळं नीट होतं, आज स्टिक उलटी चालतेय." "मी हातही लावला नाही तरी विमान एका बाजूला कलतं." आणि जवळपास प्रत्येकाचं शेवटचं वाक्य: "नवीन जॉयस्टिक घेऊ का?"

आधी थांबा. खिशात हात घालायच्या आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधू या. कारण यातले बरेचसे घोळ जॉयस्टिकमध्ये नसतातच. आणि बिघाड न शोधता नवीन जॉयस्टिक आणली, तर तोच घोळ नव्या खोक्यातून पुन्हा बाहेर येतो.

आणखी एका गटासाठी हा विषय पैशापलीकडचा आहे. बारामतीला, गोंदियाला किंवा आणखी कुठे फ्लाइंगचं ट्रेनिंग घेणारी मुलं घरी सिम्युलेटरवर सर्किटचा सराव करतात. थ्रॉटलचा अर्धा प्रवास मेलेला असेल, किंवा रडर फक्त टोकाला गेल्यावरच जागं होत असेल, तर हाताला आणि पायाला तीच सवय लागते. मग खऱ्या सेसनामध्ये ती सवय मोडायला तास जातात, आणि त्या तासांचं बिल येतं. म्हणून हे नीट करून घेणं गरजेचं आहे.

हातापासून पंखापर्यंत

तुम्ही स्टिक उजवीकडे झुकवता तेव्हा काय काय होतं, ते क्रमाने बघू.

स्टिकच्या आत सेन्सर असतो. तो झुकण्याचं रूपांतर व्होल्टेजमध्ये करतो. आतली चिप त्या व्होल्टेजचा एक आकडा बनवते. अ‍ॅक्सिस ८ बिटांचा असेल तर त्याला २५६ पायऱ्या मिळतात, १० बिटांचा असेल तर १,०२४ आणि १६ बिटांचा असेल तर ६५,५३६. हा आकडा यूएसबीच्या केबलमधून विंडोजकडे जातो. विंडोज त्यावर स्वतःचं कॅलिब्रेशन लावतं. तिथून तो सिम्युलेटरकडे जातो. सिम्युलेटर बघतो की हा अ‍ॅक्सिस कशाला जोडलाय. मग त्यावर डेडझोन आणि कर्व्ह लावतो. शेवटी विमानाचं मॉडेल तो आकडा घेतं आणि एलेरॉन हलतं.

यात एक मेख आहे. बहुतेक वेळा कॉम्प्युटरला "हे थ्रॉटल आहे" हे माहीतच नसतं. त्याला नुसती नावं कळतात: एक्स, वाय, झेड, आरएक्स, आरवाय, आरझेड आणि स्लायडर. एका कंपनीचं थ्रॉटल झेडवर येतं, दुसरीचं स्लायडरवर. सिम्युलेटरला ते मॉडेल ओळखीचं असेल तर तो तयार प्रोफाइल लावतो. ओळखीचं नसेल तर अंदाजाने जोडतो. अंदाज चुकला की तुम्ही रडर दाबता आणि इंजिन ओरडतं.

तीन ठिकाणी बघा

एवढी लांब साखळी आहे म्हटल्यावर कुठलीही सेटिंग फिरवत बसलात तर रात्र जाईल. म्हणून तीन ठिकाणी बघायचं, आणि याच क्रमाने.

पहिलं ठिकाण विंडोज. सिम्युलेटर बंद ठेवा. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. जी छोटी चौकट येईल तिच्यात जे, ओ, वाय, डॉट, सी, पी, एल असं टाइप करून एंटर मारा. गेम कंट्रोलरची यादी उघडेल. तुमचं उपकरण निवडा, प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे प्रत्येक अ‍ॅक्सिसची पट्टी किंवा अधिकचं चिन्ह हलताना दिसतं. लिव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या. पट्टी पूर्ण भरते का? मध्येच उडी मारते का? हात सोडल्यावर स्थिर राहते का?

दुसरं ठिकाण सिम्युलेटरचं कंट्रोल्सचं पान. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये सेन्सिटिव्हिटीच्या पानावर कर्व्हवर एक ठिपका हलतो. एक्स-प्लेनमध्ये जॉयस्टिकच्या पानावर प्रत्येक अ‍ॅक्सिसची पट्टी आणि तिच्या बाजूला काम निवडायची यादी असते. इथे बघायचं ते एवढंच, की मी हलवला तोच अ‍ॅक्सिस हलतोय का, आणि तो मला हव्या त्या कामाला जोडलाय का.

तिसरं ठिकाण विमान. बाहेरचा कॅमेरा लावा, विमानाच्या मागे उभे राहा आणि एलेरॉन, एलेव्हेटर, रडर डोळ्यांनी बघा.

पहिल्या ठिकाणी चूक दिसली तर हार्डवेअर, केबल किंवा विंडोजचं कॅलिब्रेशन. पहिलं ठीक, दुसरं चुकलं तर जोडणी. पहिली दोन्ही ठीक, तिसरं चुकलं तर विमानाची स्वतःची सेटिंग किंवा मदतीचे ऑप्शन. जिथे पहिल्यांदा चूक दिसली तिथेच दुरुस्ती करायची. पुढच्या ठिकाणी ठिगळ लावायचं नाही.

पहिल्याच ठिकाणी पट्टी पूर्ण भरत नसेल तर लगेच घाबरू नका. विंडोजच्या त्याच चौकटीत सेटिंग्जच्या टॅबवर रीसेट टू डिफॉल्ट नावाचं बटण असतं. कधीतरी अर्धवट केलेलं कॅलिब्रेशन विंडोज जपून ठेवतं आणि त्यापायी लिव्हरचा प्रवास कापला जातो. आधी रीसेट करून बघा. कॅलिब्रेट करायचंच झालं तर लिव्हर खरोखर दोन्ही टोकांना टेकवा, मध्येच नेक्स्ट दाबू नका.

अर्धं थ्रॉटल कुठे गेलं?

आता सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. लिव्हर अर्धा पुढे जाईपर्यंत काहीच होत नाही, आणि उरलेल्या अर्ध्यात इंजिन शून्यावरून शंभरवर जातं.

सिम्युलेटरच्या दृष्टीने अ‍ॅक्सिस दोन जातींचे असतात. एक मध्यवाले: एलेरॉन, एलेव्हेटर, रडर. मध्यात शून्य, एका टोकाला उणे एक, दुसऱ्या टोकाला अधिक एक. दुसरे टोकवाले: थ्रॉटल, मिक्स्चर, पायाचे ब्रेक. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला एक. थ्रॉटलचा लिव्हर मध्यवाल्यासारखा वाचला गेला, तर मागचा अर्धा प्रवास उणे आकड्यांत जातो. इंजिनला उणे पॉवर कळत नाही, ते आयडलवर बसून राहतं. जेटमध्ये कधीकधी ते उणे आकडे रिव्हर्स थ्रस्ट म्हणून धरले जातात, मग तर आणखीच गंमत.

हे गणित उघडं बघायचं असेल तर फ्लाइटगिअर बघा. फुकट आणि ओपन सोर्स आहे, आणि त्यात जॉयस्टिकची जोडणी साध्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेली असते. फ्लाइटगिअर प्रत्येक अ‍ॅक्सिस उणे १ ते अधिक १ असा वाचतो. थ्रॉटलसाठी फाइलमध्ये सहसा दोन आकडे असतात: ऑफसेट उणे १ आणि फॅक्टर उणे ०.५. आधी ऑफसेट मिळवायचा, मग फॅक्टरने गुणायचं. बऱ्याच जॉयस्टिकवर लिव्हर मागे असताना अधिक १ येतो. त्यात उणे १ मिळवला की शून्य, म्हणजे इंजिन आयडल. लिव्हर मध्यात, ० आला. उणे १ मिळवून उणे ०.५ ने गुणलं की ०.५, म्हणजे निम्मी पॉवर. लिव्हर पुढे, उणे १ आला. बेरीज उणे २, गुणाकार अधिक १, म्हणजे फुल पॉवर. हे दोन आकडे काढून टाका, थ्रॉटल उलटंही होईल आणि अर्धंही होईल. बाकी सिम्युलेटरही हेच करतात, फक्त पडद्यामागे.

डीसीएस वर्ल्डमध्ये याचं उत्तर अ‍ॅक्सिस ट्यूनच्या पानावर आहे. तिथे स्लायडर नावाची चौकट असते, थ्रॉटलसाठी तिला टिक करा. मायक्रोसॉफ्टच्या २०२० मध्ये थ्रॉटल अ‍ॅक्सिसच्या दोन सारख्या दिसणाऱ्या नोंदी आहेत. एकीच्या नावापुढे शून्य ते शंभर टक्के असं लिहिलेलं असतं, दुसरीच्या पुढे नसतं. एकीने अर्धा प्रवास वाया जात असेल तर ती काढा आणि दुसरी लावा. दोन्ही एकाच लिव्हरवर एकदम ठेवू नका.

जाता जाता, थ्रॉटलला मध्याचा डेडझोन कधीही देऊ नका. दिलात तर नेमकं निम्म्या पॉवरपाशी लिव्हर मुका होतो, आणि लँडिंगच्या वेळी तुम्हाला बारीक बदल हवे असतात ते नेमके तिथेच कुठेतरी.

एका अ‍ॅक्सिसचे दोन मालक

आधी जॉयस्टिक एकटी होती, सगळं छान होतं. मग थ्रॉटलचा वेगळा बॉक्स आणला किंवा पेडल्स घेतली, आणि विमान वेड्यासारखं करायला लागलं. हात लावला नाही तरी कलतं, स्टिक हलवली की क्षणभर वळतं आणि परत येतं.

इथे बहुधा दोन उपकरणं एकाच कामाला जोडली गेलेली असतात. डीसीएसमध्ये हे हमखास होतं. नवीन उपकरण लावलं की तो त्याच्या एक्स आणि वायलाही रोल आणि पिच जोडून मोकळा होतो. तुमच्या पेडल्सचा डावा ब्रेक एक्सवर असेल तर ब्रेक दाबला की विमान कलणार. शिवाय डीसीएसमध्ये जोडणी विमानागणिक वेगळी असते, त्यामुळे हॉर्नेटमध्ये साफ केलेला घोळ दुसऱ्या विमानात तसाच उभा असतो.

उपाय सोपा, पण चिकाटीचा. अ‍ॅक्सिसच्या पानावर प्रत्येक उपकरणाचा वेगळा रकाना असतो. पिच, रोल, रडर, थ्रॉटल या चार ओळी घ्या आणि प्रत्येक ओळीत एकाच रकान्यात नोंद आहे ना ते बघा. बाकीच्या पुसा. मायक्रोसॉफ्टच्या २०२० मध्ये सर्च बाय इनपुट आहे. त्यावर क्लिक करून लिव्हर हलवा, तो कुठेकुठे जोडलाय ते सगळं समोर येतं. टेबलावर विसरलेला गेमपॅडसुद्धा उपकरणच असतो, हे विसरू नका.

आणि पोर्ट. उपकरण दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावलं की कधीकधी सिम्युलेटरला ते नवं वाटतं आणि जुनी जोडणी "हरवते". पोर्टवर स्टिकर लावा, एक कायम जॉयस्टिकचं, एक थ्रॉटलचं. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच.

थरथर

विंडोजच्या पट्टीतच आकडा थरथरत असेल तर सेन्सरकडे बघू. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत जाणारा स्पर्शक. धुळीने आणि झिजेने त्याचा स्पर्श तुटक होतो. हॉल इफेक्टच्या सेन्सरमध्ये चुंबक असतं, काही घासत नाही, म्हणून ते जास्त टिकतात.

लिव्हर पाव, अर्धा, पाऊण अशा तीन जागी ठेवा आणि हात काढा. एकाच जागी थरथर असेल तर त्या जागेची पट्टी खराब झालीय किंवा धूळ आहे. लिव्हर तीस-चाळीस वेळा पूर्ण मागेपुढे केला तर कधीकधी धूळ सरकते. वॉरंटी संपली असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर वापरता येतो. मात्र सगळेच अ‍ॅक्सिस एकाच क्षणी उडी मारत असतील तर सेन्सरला दोष देऊ नका. सगळे सेन्सर एकदम बिघडत नाहीत. केबल हलवून बघा, हब काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा.

थोड्या वेळाने उपकरणच गायब होत असेल तर विंडोजची वीजबचत तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी असते. ती टिक काढा.

उलटा अ‍ॅक्सिस: खऱ्या विमानातही

उलट्या अ‍ॅक्सिसचा नियम एकच: तो एकाच जागी सुलटा करायचा. जॉयस्टिकच्या सॉफ्टवेअरमध्ये उलटवला आणि सिम्युलेटरमध्येही उलटवला, तर दोन उलट मिळून पुन्हा पहिल्यासारखं. मग लोक तिसरीकडे उलटवायला जातात आणि पुढच्या अपडेटनंतर कशाला काय केलं ते आठवत नाही.

हे नुसतं खेळातलं प्रकरण नाही. २० मार्च २००१ ला फ्रँकफर्टहून लुफ्तान्साचं एअरबस ए३२० उडालं. त्याच्या आधी झालेल्या दुरुस्तीत एका फ्लाइट कंट्रोल कॉम्प्युटरच्या कनेक्टरमधल्या तारांच्या जोड्या उलट जोडल्या गेल्या होत्या. परिणाम असा की कॅप्टनची साइडस्टिक रोलमध्ये उलटी झाली. जमीन सोडता सोडता विमान डावीकडे कललं, कॅप्टनने उजवीकडे दिलं, विमान आणखी डावीकडे गेलं. डाव्या पंखाचं टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास आलं होतं. को-पायलटची स्टिक बरोबर होती. त्याने ताबा घेतला म्हणून विमान वाचलं. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत हा उलटेपणा पकडला गेला नव्हता.

११ नोव्हेंबर २०१८ ला पोर्तुगालमध्ये पुन्हा तसंच. एअर अस्तानाचं एम्ब्रेअर १९० मोठ्या देखभालीनंतर लिस्बनजवळच्या अल्व्हेर्काहून निघालं आणि एलेरॉनच्या केबल चुकीच्या बसवलेल्या होत्या. आत सहा जण. विमान बराच वेळ अनावर होतं. शेवटी बेजा इथे तिसऱ्या प्रयत्नात उतरलं, सगळे वाचले.

वैमानिक उड्डाणाआधी कंट्रोल्स "फ्री अँड करेक्ट" आहेत का बघतात, त्यातला दुसरा शब्द याच्यासाठी आहे. फ्री म्हणजे अडकत नाही. करेक्ट म्हणजे बरोबर दिशेला जातंय. स्टिक उजवीकडे, तर उजवं एलेरॉन वर आणि डावं खाली. स्टिक मागे, तर एलेव्हेटर वर. उजवं पेडल, तर रडर उजवीकडे. नुसतं "हलतंय" पुरेसं नाही. ही सवय घरच्या खुर्चीत फुकट लागते, लावून घ्या.

जे बिघाड नाहीत

काही तक्रारींत तिन्ही ठिकाणं ठीक असतात. तिथे सेटिंग फिरवलीत तर चांगलं असलेलं बिघडेल.

सेसना १७२ टेकऑफला डावीकडे ओढते. ओढणारच. एक इंजिन, पायलटच्या जागेवरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर, त्याचा टॉर्क, शेपटीवर आपटणारी वळणदार हवा. उजवं पेडल द्यायचं असतं. त्यासाठी डेडझोन वाढवू नका.

ए३२० मध्ये क्लाइंबच्या खाचेत लिव्हर ठेवला की पुढे तो हलवायची गरज नसते. ऑटोथ्रस्ट काम करतो आणि लिव्हर जागेवरच राहतो, खऱ्या विमानातही तसंच. म्हणजे "थ्रॉटल मेलं" नाही. बोइंगमध्ये मात्र ऑटोथ्रॉटल लिव्हर स्वतः हलवतं, आणि तुमच्या टेबलावरच्या लिव्हरला तशी मोटर नसते. त्यामुळे ऑटोथ्रॉटल काढताना आधी आपला लिव्हर अंदाजे त्याच जागी आणा, नाहीतर पॉवर एकदम उडी मारते.

आणि सिम्युलेटरमधली मदत: ऑटो रडर, ऑटो ट्रिम वगैरे. तिसऱ्या ठिकाणी काही विचित्र दिसलं तर आधी हे ऑप्शन बंद करून बघा. कर्व्हही तोपर्यंत सरळ ठेवा. सगळं नीट चाललं की मग चवीप्रमाणे बदला, एका वेळी एकच गोष्ट, आणि काय बदललं ते वहीत लिहा.

तर मग नवीन जॉयस्टिक कधी घ्यायची? विंडोजच्या पानावरच चूक दिसतेय, कॅलिब्रेशन रीसेट केलंय, पोर्ट बदललाय, हब काढलाय, जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितलंय, आणि तरीही चूक तिथेच आहे. तेव्हा खुशाल घ्या, आणि शक्य असेल तर हॉल सेन्सरवाली घ्या. तोपर्यंत ते पैसे सांभाळून ठेवा. ट्रेनिंगवाल्यांनो, तुमच्या खऱ्या तासांना उपयोगी पडतील.

तुमचा घोळ यात बसत नसेल तर लिहून पाठवा. पाठवताना तीन गोष्टी नक्की लिहा: विंडोजमध्ये काय दिसलं, सिम्युलेटरच्या पानावर काय दिसलं आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून काय दिसलं. एवढं लिहिता लिहिताच निम्म्या लोकांना उत्तर सापडेल असं मला वाटतं, आणि तेही कळवा, आनंदच आहे.

पुढच्या भागात ट्रिमबद्दल बोलू. तोवर कंट्रोल्स फ्री अँड करेक्ट. भेटू.